पेटीवरचे ठसे

पार्सलची तपकिरी चिकटपट्टी ओढली की तिच्या वासानं मला सौदीतल्या अल-खोबरची आमची खोली आठवते. आखाती युद्धाचे दिवस होते. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्या अशाच पट्टीनं बंद केलेल्या आणि आत तळलेल्या बांगड्याचा वास कोंडलेला. आम्हा कामगारांना गॅस मास्क अजून मिळाले नव्हते. अशात कंपनीच्या स्टोअरमधून एक मास्क गायब झाला आणि पोलिसांनी आमच्या खोलीतल्या फिटरला नेलं. मास्कच्या पेटीवर तुझ्या बोटांचे ठसे मिळालेत, असं ते म्हणाले आणि त्यानं चोरी कबूल केली. दुसऱ्या दिवशी मास्क स्टोअरमध्येच फळीमागे सापडला. ठसे वगैरे काही नव्हतेच, असं हसत सांगून त्याला सोडलं. संध्याकाळी आम्ही कोकणातल्यांनी गावासारखी जमात, म्हणजे पंचायतच, बसवली: याला खोलीत ठेवायचं की नाही? "पोलीस खोटं बोलले, मान्य," सर्वांत मोठे चाचा म्हणाले, "पण न केलेली चोरी कोण कबूल करतो?" फिटर मान खाली घालून म्हणाला, "चाचा, ठसे आहेत म्हटल्यावर मला वाटलं, मीच घेतला असेन, भीतीच्या भरात." मला चाचांचंही पटलं आणि त्याचंही. तेवढ्यात सायरन वाजला. सगळ्यांनी ओले टॉवेल तोंडाला गुंडाळले, नुसते डोळे उघडे राहिले आणि ते सगळेच मला चोराचे वाटू लागले. जमात पुन्हा बसली नाही. तो खोलीतच राहिला, पण तसं कुणी ठरवलं नव्हतं. आज पार्सल बांधून झाल्यावर पट्टीवर उठलेले बोटांचे ठसे मी कितीतरी वेळ बघत बसलो. मीच चिकटवली ना ही?