गंगीची सही

शेणव्याच्या गंगीला माहेर होतं, पण माहेरचं दार बंद होतं. बाप गेल्यावर धसईजवळच्या जमिनीला तिचं आणि थोरल्या भावाचं, कमळूचं, अशी दोन नावं लागली. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी-चोळी करायची, ही तिकडची जुनी रीत. गंगी म्हणाली, "त्या खाचरात लावणी मी पण केलेय. सही नाय देणार."

त्या वर्षी ती भाऊबीजेला ताट घेऊन गेली, तर वहिनीनं, चंदानं, आतून कडी घातली. ताटातला दिवा दारातच विझला. तेव्हापासून भेटेल त्याच्यापाशी भावाचा उद्धार करायचा गंगीनं नेमच धरला. तोंड मुळात तिखट, त्याला कारणही मिळालं.

यंदा बांधावरून मारामारी झाली. गुन्हा कमळूवर आणि त्याच्या मुलावर, धनेशवर. कमळू म्हातारा म्हणून लगेच सुटला. समोरच्याचं डोकं धनेशनं फोडलं होतं, तो कल्याणच्या तुरुंगात गेला. पुढं कोर्टानं जामीन मंजूर केला, घरी पेढे वाटले, आणि मग कळलं की मंजूर होणं वेगळं, सुटणं वेगळं. जमीनवाला जामीनदार उभा राहिल्याशिवाय पोरगा बाहेर येत नव्हता. कमळू त्याच गुन्ह्यातला आरोपी, तो चालेना. गावाकडं बघावं, तर धनेशच्या भरवशावर आपलं शेत कोण टांगणार? ज्याच्या दारी जावं त्याला नेमकी बाजाराची घाई.

"सातबाऱ्यावर दुसरं नाव कुणाचं आहे?" वकिलानं विचारलं.

कमळू शेणव्याला आला तेव्हा गंगी तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"गंगे, पोरगा आत सडतोय गो."

"अडला हरी," गंगी म्हणाली. "म्हणजे गाढव मीच ना रे? तवा सही दिली असती तर आज कुणाचे पाय धरले असतेस?"

 तरी गंगी जामीन राहायला गेली, पण एसटीत भावाशेजारी बसली नाही.

मुरबाडच्या कोर्टात साहेबांनी तिला समजावलं, "आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होईल."

"आन् मला नको झालं तर?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "तसा अर्ज द्यायचा. आरोपीला परत अटक होईल. त्यानं दुसरा जामीनदार आणायचा, नाहीतर आत बसायचं."

गंगीनं सही केली. धनेश सुटला आणि तडक घरी गेला. आत्याला एक फोन नाही. गरज सरो, वैद्य मरो.

आठवडा गेला नाही तोच कमळू पुन्हा दारात. एका हातात साडी, दुसऱ्या हातात हक्कसोडीचा कागद. लाज म्हणून नाहीच या माणसाला!

"झालं गेलं इसर. घरचं घरात मिटवू. सही कर."

गंगीनं साडी चिमटीत धरून बघितली. "पातळ हाय." मग म्हणाली, "धनेश माझ्या सहीवर बाहेर हाय, दादा. साहेबांनी तुझ्यादेखत सांगितलं. माझा एक अर्ज गेला का पोलीस तुझ्या ओटीवर."

"सख्ख्या भाच्याला आत घालशील?"

"सख्ख्या बहिणीला दाराबाहेर ठेवणारा मला इचारतो?"

कमळूनं कागद खिशात घातला. "काय पायजे तुला?"

"भाऊबीजेला येईन. चंदाला सांग, कडी काढून ठेव."

धनेशला तिनं लहानपणी कडेवर खेळवला होता. त्याला परत आत पाठवणं तिच्याच्यानं कधीच झालं नसतं. पण हे भावाला सांगायची तिला काही गरज वाटली नाही.

भाऊबीजेला चंदानं स्वतः दार उघडलं. गंगीनं भावाला ओवाळलं, भाच्याला ओवाळलं आणि तारीख कधी आहे ते त्याला बजावलं. चंदानं पाट मांडला होता. गंगी जेवायला थांबली नाही.