भट्टीचं दार
आमच्या मुलुंडच्या औषध कारखान्यात बाद झालेल्या गोळ्या जाळायची भट्टी होती. ती सांभाळणाऱ्याचा शर्ट कायम पांढराशुभ्र असे. “दार घट्ट बसवलं ना, आता डिझेल निम्मंच लागतं,” असं तो ज्याला त्याला हसून सांगे. साहेब खूश होते. मला मात्र पटेना. त्याच वर्षी त्याच्या घरी कलर टीव्ही आला होता.

एकदा गोळ्यांचं पोतं घेऊन मीच गेले.

“सकाळपासून पेटलेलीच आहे,” तो म्हणाला.

मी दाराकडे हात नेला तसा तो ओरडला, “ताई, भाजेल!”

तोवर हात टेकला होता. दार गार होतं.

त्याने हसतच जाड हातमोजे चढवले आणि दार जपून उघडलं. आजवरच्या गोळ्या कुठे गेल्या, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. पोतं मात्र मी परत नेलं.