साफ्ताने न वाचलेली ओळ

आमच्या गावात सिनेमा बघायला दोन गोष्टी लागत, एक लाकूड आणि दुसरी साफ्ता. लाकूड सभागृहातल्या लोखंडी शेगडीसाठी. हिवाळ्यात प्रत्येकाने दारात एक ओंडका टाकायचा आणि मग तिकीट घ्यायचं, असा माझा नियम होता. मी इलारी, तिथलं यंत्र चालवायचो, किल्ल्याही माझ्याकडेच असत. आणि साफ्ता लागायची ती वाचायला.

सिनेमे बहुतेक परदेशी. पात्रं आपल्या भाषेत बोलणार आणि पडद्याच्या खाली आमच्या भाषेतल्या ओळी पांढऱ्या अक्षरांत सरकणार. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना अक्षरओळख नाही, उरलेल्यांकडे चष्मा नाही, आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांचं लक्ष सूर्यफुलाच्या बिया सोलण्यात. म्हणून साफ्ता पहिल्या बाकाच्या टोकाला बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. बावीस वर्षं वाचली. मारामारी असो, चुंबन असो, आईबहिणीवरची शिवी असो, आवाज एकच, बटाट्याचा भाव सांगावा तसा.

ही सवय टपालाची. ती गावात पत्रं वाटायची आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दारात उभी राहून वाचूनही दाखवायची. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. तिचा सख्खा भाऊ खाणीत गेला, त्याची तार तिच्याच पिशवीत आली. ती तिने आईला तारखेसकट वाचून दाखवली. तेव्हा तुला रडू कसं आलं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. आधी वाचायचं, रडायला नंतर वेळ असतो, म्हणाली. गावाचा तिच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा पाद्रीवरही नव्हता. पाद्रीबद्दल मी याहून जास्त बोलत नाही.

क्रांतीनंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साफ्ताचा नवरा पांतेली गेला. घरात ती, मुलगा मित्रू आणि सून स्तांका एवढीच माणसं उरली. लग्नाला नऊ वर्षं होऊनही मित्रू-स्तांकाला मूल नव्हतं, आणि होणारही नाही असं क्रायोवा शहरातल्या डॉक्टरने सांगून टाकलं होतं. नाताळच्या आधीपासून स्तांका अंथरुणाला खिळली. जेवण जाईना, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा पिठासारखा पांढरा. बर्फाने रस्ता बंद होता, दर गुरुवारी येणारा डॉक्टर तीन गुरुवार फिरकला नव्हता. त्यातच स्तांका सांगू लागली की सासरे रात्री पलंगाच्या कडेला येऊन बसतात आणि पाणी मागतात.

एवढं कानावर आल्यावर आमच्याकडे कुणी डॉक्टरची वाट बघत नाही. असा उठून येणारा मेलेला म्हणजे स्त्रिगोय. तो परक्याकडे जात नाही. आपल्याच घरी येतो आणि आपल्याच माणसाला ओढून नेतो. उपाय शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कबर उघडायची, मुलाने बापाचं काळीज काढायचं, ते जाळायचं आणि राख पाण्यात घालून आजारी माणसाला पाजायची. फक्त विधवा नाही म्हणत असेल तोवर फावड्याला हात लावायचा नाही. ही रीत मोडलेली मी कधी पाहिली नाही.

पांतेलीचा धाकटा भाऊ ग्लिगोरे साफ्ताकडे तीनदा गेला. तिने तिन्ही वेळा नाही म्हटलं. ज्याच्या शेजारी चाळीस वर्षं झोपले त्याची छाती फाडू देणार नाही, म्हणाली. मित्रू कोपऱ्यात बसून बुटांकडे बघत राहिला. ते तिला जास्त लागलं, असं तिनेच मला सांगितलं. त्या आठवड्यात गावात दोन वेळा भांडणं झाली आणि दोन्हींचा विषय हाच होता.

आणि अशा वेळी, शुक्रवारी रस्ता जेमतेम मोकळा होताच, जिल्ह्याच्या गाडीतून माझ्याकडे डबे आले ते व्हॅम्पायरच्या सिनेमाचे. इंग्रजी होता. ड्रायव्हर म्हणाला, हसून हसून मराल. मी मूर्खासारखा विश्वास ठेवला. शनिवारी साफ्ताने विचारलं, उद्या काय आहे? मी म्हटलं, काही नाही, लांब दातांचा एक सरदार आहे, तेवढंच हसू तुला. ती आली. सुनेला शेजारणीकडे सोपवून आली.

रविवारी तीनला सभागृह खच्चून भरलं. पहिला पाऊण तास लोक खरंच हसले. काळी झूल पांघरलेला तो सरदार, तो एवढा मोठा किल्ला आणि खायला-प्यायला घरात काही नाही. याला मक्याची भाकरी कशी चावता येत असेल, कुणीतरी म्हणालं. मागून एक म्हातारी म्हणाली, "ह्या मेल्याला स्वतःचं घरदार नाही काय? लोकांच्या पोरी कशाला?" त्यावरही हसू आलं, पण कमी. तेवढ्या वेळात तीन-चार माना साफ्ताकडे वळल्या होत्या.

तिसरं रीळ लागलं. पडद्यावर पलंग, पलंगात पांढरीफटक मुलगी, उशाशी म्हातारी मोलकरीण. मुलगी म्हणते, तो इथे बसला होता. साफ्ताने तेही वाचलं. बिया सोलण्याचा आवाज थांबला. मी यंत्राच्या खोलीच्या झरोक्यातून बघत होतो. तेव्हाच बटण दाबायला हवं होतं. वीज गेली म्हटलं असतं तर कुणी चौकशी केली नसती, आमच्याकडे ती रोजच जाते. पण मी दाबलं नाही.

मोलकरीण उठली, धन्याकडे वळली आणि एक वाक्य बोलली. खाली ओळ आली. 'कबर उघडा, नाहीतर पोरगी हातची जाईल.'

साफ्ता गप्प राहिली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती ओळ तिने आपल्या त्या बटाट्याच्या भावाच्या आवाजात वाचून टाकली असती तर सिनेमातली म्हातारी सिनेमात राहिली असती, हे मी आजही पैजेवर सांगतो. पण ती थांबली, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही तिथे काय लिहिलं होतं ते कळलं.

ग्लिगोरे उठून उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर अर्ध्या पलंगापर्यंत गेली.

"वहिनी, का थांबलीस?"

"काही नव्हतं तिथे," साफ्ता म्हणाली.

"मला हळू वाचता येतं, पण येतं." तो ओरडला नाही. "आता सगळ्यांसमोर एकदा नाही म्हण. मी खाली बसतो. पुन्हा विषय काढणार नाही."

सगळं सभागृह वाट बघत होतं. पडद्यावर कुणी दाढीवाला हातवारे करून काहीतरी बोलत होता, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. साफ्ताने मांडीवरची शाल सारखी केली. एवढंच केलं. नाही म्हणाली नाही. ग्लिगोरेने टोपी घातली आणि तो निघाला, त्याच्यामागे भावकीतले चार पुरुष. सगळ्यांत शेवटी मित्रू उठला. दारात वळून त्याने आईकडे पाहिलं, मग तोही गेला.

आणि साफ्ता पुन्हा वाचू लागली. बाहेर काय चाललं असणार हे ठाऊक असून तिने उरलेला सिनेमा 'समाप्त'ची पाटी येईपर्यंत वाचला. बायका जागच्या हलल्या नाहीत. मला वाटतं, उठून घरी जायची त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती. अंधारून येता येता मी रिळं गुंडाळत असताना खिडकीतून कब्रस्तानाच्या पलीकडे जाळ दिसला. धूर सरळ वर चढत होता. मी पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला साफ्ता सभागृहात आली. काखेत ओंडका होता. तो तिने नियमाप्रमाणे शेगडीत टाकला.

"इलारी, तिसरं रीळ लाव."

गाडी दहाला डबे न्यायला येणार होती. मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास? ती आपल्या बाकावर जाऊन बसली आणि पडद्याकडे बघतच बोलली. पांतेलीच्या प्रेताजवळ ती तीन रात्री जागली होती. तिसऱ्या रात्री लाकडं आणायला घटकाभर बाहेर गेली. परत आली तर मांजर खिडकीतून उडी मारून पळत होतं. ते प्रेतावरून गेलं की बाजूने, तिने पाहिलं नाही. प्रेतावरून मांजर गेलं की मेलेला उठतो, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर कळतं. तिने कुणाला सांगितलं नाही. कबरीला ती नाही म्हणत राहिली आणि रोज सुनेचा चेहरा बघत राहिली.

"ती ओळ आली तेव्हा मला वाटलं, हे मलाच लिहिलंय," ती म्हणाली. "माझी जीभच उचलेना."

मी रीळ लावलं. रिकाम्या सभागृहात तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं. मोलकरीण उठली. 'कबर उघडा, नाहीतर पोरगी हातची जाईल.' या वेळी वाचलं. मग तो दाढीवाला पुढे आला. काल त्याचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. तो डॉक्टर होता. साफ्ताने त्याचंही वाचलं.

"'गप्प बस, म्हातारे. इतक्या पांढऱ्या पडलेल्या बाया मी दरसाल बघतो. मेलेल्याला उठवण्याआधी तिला विचारा, दिवस गेलेत का.'"

सिनेमात तो डॉक्टर चुकतो. पाचव्या रिळात सरदार त्यालाच खातो. पण तिसऱ्या रिळात तो तसं म्हणतो, अगदी पुढच्याच ओळीत.

"पुन्हा लाव," साफ्ता म्हणाली. मी लावलं. तिने पुन्हा वाचलं. मग शाल डोक्यावर घेतली आणि निघाली. मी तिच्यामागे गेलो, का ते मला सांगता येणार नाही.

स्तांका उशीला टेकून बसली होती. मित्रू चुलीपाशी होता, त्याचे हात घासून घासून लाल झाले होते. साफ्ताने त्याला गोठ्यात पाठवलं, सुनेच्या कानाशी वाकली आणि काहीतरी विचारलं. स्तांकाने बराच वेळ बोटं मोजली. ऑक्टोबरअखेरच्या संत दुमित्रूच्या सणानंतर नाही, म्हणाली. तिला स्वतःला ते आजारपणामुळेच वाटत होतं, नऊ वर्षांत दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. खिडकीत एक पेला होता. रिकामा, तळाशी करडा गाळ. तिने ते पाणी आदल्या संध्याकाळीच प्यायलं होतं.

साफ्ताने पेला उचलून विसळला, पालथा घातला आणि अंगणात आली. तिथे भिंतीला धरून ती रडली. मी पाठ फिरवून उभा राहिलो.

पंधरा दिवसांत स्तांका हिंडूफिरू लागली. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव आजोबांचं, पांतेली. ग्लिगोरेने सगळ्या गावाला आलुबुखारची दारू पाजली. कबर उघडली म्हणून सून वाचली आणि वर म्हाताऱ्याने जाताना नातू दिला, असं गाव म्हणतं. साफ्ताच्या तोंडावर म्हणतं, चांगल्या मनाने. पहिल्या बाकावर ती पुन्हा कधी बसली नाही. दोन वर्षांनी सभागृह बंदच पडलं.

परवा तिच्या अंगणात बसलो होतो. पोरगं कोंबड्यांमागे धावत होतं आणि मित्रू त्याच्यामागे. मी म्हटलं, साफ्ता, त्या डॉक्टरची ओळ मित्रूला एकदा सांगून टाक. तू आयुष्यात कुणापासून काही लपवलं नाहीस. आईला भावाची तार वाचून दाखवलीस.

तिने मित्रूकडे पाहिलं. त्याने पोराला उचलून खांद्यावर घेतलं होतं.

"तारेतलं कुणी केलेलं नव्हतं, इलारी. हे त्याने हातांनी केलंय," ती म्हणाली. "ही ओळ मी वाचणार नाही."