वैयक्तिक वापरापुरते डिंकाचे लाडू

घरात माझ्यासारखा नियमाचा माणूस असला की कस्टमवाल्यांचं निम्मं काम हलकं होतं.

आमची गौरी जर्मनीत बाळंत झाली आणि आम्ही नवराबायको मस्कतहून निघालो. म्हणजे निघण्याआधी मी जर्मन कस्टमचे सगळे नियम वाचून काढले आणि मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायकोला समज दिली.

"तूप न्यायचं नाही. पनीर, खवा, सगळं बंद!"

"मग बाळंतिणीने काय खायचं? नियम?"

"मिठाई चालते. पण वैयक्तिक वापरापुरतीच!"

"खलास! मिटला प्रश्न!" म्हणत तिने बरणीतलं तूप डिंकाच्या लाडवांत जिरवलं आणि भलामोठा डबा भरला. (त्या डब्यापायी माझे दोन्ही स्वेटर मस्कतच्या उन्हात राहिले!)

जर्मनीत उतरलो. एवढ्या गर्दीतून अधिकाऱ्याने नेमकी आमचीच बॅग उघडायला लावली. डबा बाहेर आला. लेकीचं अख्खं बाळंतपण त्यात होतं!

"यात हे पांढरं काय आहे?"

"झाडाचा डिंक."

"तुम्ही डिंक खाता?"

"आमच्याकडे बाळंतिणी खातात!" मी अभिमानाने सांगितलं.

"म्हणजे हे तुमच्या स्वतःसाठी नाही?"

झालं! माझाच नियम माझ्या गळ्याशी आला.

"छे, छे! माझ्याचसाठी!" मी ओरडलो आणि पुरावा म्हणून एक लाडू तोंडात कोंबला.

"अहो, गौरीचे आहेत ते!" बायको कळवळून मराठीत म्हणाली.

"बाई काय म्हणतात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"आणखी एक खा म्हणते!"

दुसरा कोंबला. बायकोने कपाळावर हात मारला, अधिकारी डोळे फाडून बघायला लागला. त्याला अजून खात्री पटलेली दिसेना, म्हणून मी तिसरा उचलला, चौथाही उचलला. टाळ्याला डिंक चिकटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मी खुणेने 'छान, छान' करतच होतो!

"सर, थांबा!" तो घाबरून म्हणाला. "नातेवाईकांसाठी आणलेलंही चालतं. घेऊन जा, पण कृपा करून खाऊ नका!"

लेकीच्या घरी डबा उघडला. गौरीने वरच्या थरातली रिकामी जागा बघून विचारलं, "आई, कस्टमवाल्यांनी काढून घेतले का गं?"

"नाही गं, त्या बिचाऱ्यांनीच वाचवले. नाहीतर तुझ्या बाबांनी डबा संपवला असता."

गौरी पोट धरून हसली. मीही हसलो असतो, पण ते चार लाडू पोटाला बाधले आणि दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, ओव्याचं पाणी आणि सक्तीची विश्रांती, असं बाळंतिणीचं सगळं पथ्य त्या घरात मी एकटाच पाळत होतो!