धुराडेतात्या

कुठल्याही व्हिलात शिरल्यावर तात्या आधी छताकडे बघत आणि मग मालकाकडे. दोघांपैकी छतावर त्यांचा विश्वास जास्त. आखातातल्या अल रय्यान शहरातल्या आमच्या कंपनीत ते पत्र्याचं काम करणारे मिस्त्री होते, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. शेगडीचा धूर बाहेर नेणारे पाइप त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांचं नाव धुराडेतात्या पडलं. मी ऑफिसात कोऑर्डिनेटर होतो. इतरांच्या चुका शुद्ध इंग्रजीत टाइप करणं हे माझं काम.

ज्या देशात नऊ महिने एसी बंद होत नाही, तिथं उरलेल्या तीन महिन्यांत जळत्या लाकडांसमोर बसायचं, ही श्रीमंतीची खूण. आमचे पुण्याचे मॅनेजर त्याला 'विंटर लाइफस्टाइल' म्हणत. त्यामुळे एसीचे डक्ट करणारी आमची कंपनी हिवाळ्यात लोखंडी शेगड्याही बसवायची.

तात्यांचे नियम मात्र कुठल्याच लाइफस्टाइलमध्ये बसत नसत. पाइप सरळ वर, छतातून बाहेर, गच्चीच्या कठड्याच्याही वर गेला पाहिजे. वळणं दोनापेक्षा जास्त नकोत. पाइप लाकडी पॅनेलपासून हातभर लांब हवा आणि खोलीत ताजी हवा यायला झरोका हवा. कुणी न विचारता हे सगळं सांगून ते शेवटी म्हणत, "धुराला व्हिसा लागत न्हाई, पर वाट लागती." मी ऑफिसात त्यांची नक्कल करत असे. ती माझ्या कामापेक्षा चांगली होत असे.

एका मोठ्या व्हिलाच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, शेगडी बसवायची होती. इंटिरियरवाल्या बाईंना छतावरच्या नक्षीत भोक नको होतं. मॅनेजरांनी तोडगा काढला: पाइप आडवा भिंतीतून काढायचा. भिंतीपलीकडे व्हिला आणि कुंपण यांच्यामध्ये अरुंद बोळ होता. तात्यांनी तो बोळ बघितला आणि हत्यारं पिशवीत भरली.

"वारा आला की धूर माघारी घरात यील. मी बसवणार न्हाई."

"तात्या, डिझाइन अप्रूव्ह झालंय," मॅनेजर म्हणाले.

"धुरानं कुठं सही केलीय?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या सांगण्यावरून मी वॉर्निंग लेटर तयार केलं. 'असहकार', 'शिस्तभंग', सगळे भारदस्त शब्द घातले. तात्यांना ते मराठीत वाचून दाखवलं.

"मी पाइप का बसवला न्हाई, ते कुठं लिवलंय?"

"तसं लिहीत नाहीत, तात्या."

"मग मी लिवतो." सहीखाली त्यांनी ठळक अक्षरांत एक ओळ लिहिली. मॅनेजरांना मराठी येत असूनही त्यांनी ती वाचली नाही. कामगारानं लिहिलेलं वाचायची आमच्याकडे पद्धत नव्हती. तात्यांची बदली रास लफानच्या गॅस प्रकल्पावर झाली. तिथं कंपनीच्या बसनं रोज लांबचा प्रवास करून ते पाइपांना पत्रा गुंडाळत. मजलिसमध्ये दुसऱ्या मिस्त्र्यानं आडवा पाइप बसवला. मॅनेजर "खलास" म्हणाले आणि फोटो काढून घेतले.

जानेवारीत एका वाऱ्याच्या दिवशी व्हिलाच्या मालकाचे वडील दारं-खिडक्या लावून शेगडीपाशी बसले होते. संध्याकाळी ड्रायव्हर चहा घेऊन गेला, तेव्हा ते गालिच्यावर बेशुद्ध पडलेले. खोलीत डोळ्यांत भरेल इतका धूरही नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की हा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. म्हातारबाबा वाचले, पण हॉस्पिटलमधून घरी यायला त्यांना बरेच दिवस लागले.

मालकानं आम्हाला सगळ्या कागदांसह बोलावलं. गाडीत मॅनेजर मला म्हणाले, "ते तात्यांचं लेटर फाइलमधून काढून ठेव. उगाच गोंधळ नको." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा कंपनीत कुणी नव्हता.

मालकानं शांतपणे विचारलं, "धोका आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही, सर. कुणीच नाही," मॅनेजर म्हणाले.

आतल्या खोलीतून म्हातारबाबांचा खोकला ऐकू आला. मी फाइल उघडून ते पत्र टेबलावर ठेवलं. मालकानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्या टाइप केलेल्या शुद्ध इंग्रजीखाली तात्यांचं मराठी होतं. मी अर्थ सांगितला: "पाइप आडवा टाकला तर आतला माणूस मरेल, म्हणून मी काम केलं नाही."

मालकानं तात्यांना बोलावून घेतलं. नक्षीला भोक पडलं, पाइप छतातून कठड्यावर गेला, भिंतीत झरोका झाला. इंटिरियरवाल्या बाईंनी त्या पाइपाला 'रस्टिक' म्हटलं. मॅनेजर दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर गेले.

उन्हाळ्याआधी तात्या कायमचे गावी निघाले. त्यांना एअरपोर्टवर सोडायला मी गेलो. त्या पत्राबद्दल ते काहीतरी म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती, आणि ते म्हणालेही.

"सायेब, कागद दावलात ते लई बरं केलंत. पर तो लिवलाबी तुम्हीच हुता."

त्यात राग नव्हता. पाइपाचं माप सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं आणि बॅग उचलून रांगेत उभे राहिले. मी "सांभाळून जा" म्हणालो.