दर्याचा वाटा

इब्राहिम नाखवा कोणतीही जुनी वस्तू विकत घेण्याआधी कानाला लावत. घड्याळ असो, होकायंत्र असो की गंजलेला जंबिया. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ते ऐकत बसत. विकणारा कंटाळून उठायला लागला की म्हणत, "घाई नको. कुठून आली ते आधी वस्तू सांगते, मालक नंतर सांगतो. दोघांचं जमलं तर सौदा."

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरच. पुढे स्वतः लिहू लागलो आणि रेवदंड्यात दारोदार वाटत एकदा नाखवांच्या पडवीत पोचलो. त्यांनी माझा कागद वाचला नाही. कानाला लावला.

"बारूद हाय याच्यात," ते म्हणाले. "मानूस नाय गावला."

मी संतापून निघून आलो आणि दुसऱ्या दिवशी भांडायला परत गेलो. ते भांडण मग वर्षानुवर्षं चाललं.

उभं आयुष्य त्यांनी गलबत हाकलं होतं. आता गलबत नव्हतं, पण पडवीत शिरलं की जमीन हलकेच डोलते आहे असं वाटे. माडांच्या झावळ्यांतून गाळून आलेलं ऊन पितळेच्या दुर्बिणींवर तरंगत राही. भिंतीवरच्या घड्याळांपैकी एकही रेवदंड्याची वेळ सांगत नसे. एक बसऱ्याची सांगे, एक झांजिबारची. "ही कुठली वेळ, नाखवा?" असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "जिथं मी आता नाय, तिथली."

आणखी एक रीत त्यांनी पाळली होती. पाणी ओलांडून आणलेल्या प्रत्येक वस्तूतलं काहीतरी ते वाटेतच पाण्यात सोडत. कंदिलाची वात, पेटीची कडी, म्यानावरचा गोंडा. "दर्यानं येऊ दिलं, त्याचा वाटा. नाय दिला तर वस्तू घरात रमत नाय." मी हसत असे. असल्या समजुतींविरुद्ध मी एक पत्रकही काढलं होतं. ते त्यांनी घडी घालून डुगडुगणाऱ्या कपाटाखाली सारलं होतं.

मग मिठाच्या लढ्याचं वर्ष उजाडलं. आमच्या भागातल्या मीठखात्याच्या एका अंमलदाराने मिठागरावर बायकांना काठीने झोडपलं. त्यात वसंताची आई होती. वसंता माझा जिवलग. तो रडला नाही, ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "मला एक रिव्हॉल्व्हर मिळवून दे." मी हो म्हणालो. कारण मला ठाऊक होतं, नाखवा एक रिव्हॉल्व्हर घ्यायला निघाले होते. जुनी हत्यारं ठेवण्याचा त्यांच्याकडे परवाना होता. मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. कुणासाठी आणि कशासाठी, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पयली बघू तरी. तू चल माझ्यासंगती."

खाडीपलीकडे कोर्लईला इनासबाई राहत. त्यांचा नवरा दोमिंग आगबोटीवर खानसामा होता. ती वस्तू त्याला कप्तानाने दिली होती. बाईंनी तांदळाच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. केवढंसं! मुठीत मावणारं, गोळ्यांच्या पाच घरांचं, निकल उडालेलं, मुठीला पिवळं पडलेलं हस्तिदंत आणि नळीवर कोरलेली नाजूक वेल. नाखवांनी ते कानाला लावलं.

"काय रे नाखवा, बायकोपण अशीच कानाला लावून आणलीस?" बाईंनी विचारलं.

"ती आपणहून बोलत होती. कान लावायची गरज नाय पडली."

बाई पोट धरून हसल्या, मग रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यानं कुणाला मारलं नाय. पण हे घरात आलं आणि माझा दोमिंग झोपायचा बंद झाला. उशीखाली घेऊन रात्रभर दाराकडे बघायचा. कोण येणार होतं? कोणी नाय आलं. तो तसाच जागा जागा मेला."

बदल्यात त्यांना पैसे नको होते. रिकाम्या घरात आवाज हवा, म्हणून घड्याळ हवं होतं. नाखवांनी बरोबर आणलेलं आपलं लाडकं झांजिबारचं घड्याळ बाईंच्या भिंतीवर टांगलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे काटे इथल्या वेळेला लावले.

परतताना होडी खाडीच्या मध्यावर आली. पाणी तेलासारखं संथ होतं. नाखवांनी खिशातून पेचकस काढला, गोळीवर आपटणारा तो छोटा घोडा सोडवला आणि ओंजळ उघडावी तसा हात पाण्यावर उघडला. आवाजसुद्धा झाला नाही.

"नाखवा!" मी उठलो तशी होडी एका बाजूला कलली. "हे काय केलंत? देशाचं काम होतं ते!"

"बस खाली. देशाला झोप नको काय?" ते शांतपणे म्हणाले. "बाईनं काय सांगितलं ते तू ऐकलंस. ज्या दातानं झोप खाल्ली, तोच दर्याला दिला."

"आणि वसंताच्या आईचा मार?"

त्यांनी पेचकस खिशात ठेवला. पण दुसऱ्या दिवशी मी आणि वसंता रिकाम्या हातांनी मिठाच्या सत्याग्रहाला आगरावर गेलो, तेव्हा गुडघाभर चिखलात, लुंगी खोचून, इब्राहिम नाखवा आमच्या आधीच उभे होते. काठ्या पडल्या. वसंताचा खांदा मोडला. नाखवांचं कपाळ फुटलं. आम्हा तिघांना पकडून नेलं. तुरुंगात शेजारी झोपलेला वसंता पहाटे घोरू लागला, तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "ऐक."

गेल्या पावसाळ्यात नाखवा गेले. त्यांनी होडीत केलं ते मला आजही पटलेलं नाही. त्या अंमलदाराला पुढे बढती मिळाली, हे मी विसरलेलो नाही आणि कुणाला विसरू देणार नाही. मी लिहितो तेही त्यासाठीच.

फक्त लिहून झालं की मी दार लोटतो, कागद कानाला लावतो. बारूद लगेच ऐकू येते. मग मी माणसाची वाट बघत थांबतो. बाहेर छापयंत्रापाशी, एक खांदा खाली झुकवून उभा असलेला वसंता हाक मारतो, "अरे, झालं का रे तुझं?"