तुझं आयर्लंडचं वर्ष आणि समोरच्या काकू

ये गं, फोन जरा जवळ धर, तोंड दिसू दे. आधी माझी बोलणी खाऊन घे. चष्मा नवा दिसला म्हणून विचारलं, तर "पडला गं आई" म्हणालीस. मी काय काल जन्मले?

वर्षभर तिथलं सगळं सांगत होतीस. फेब्रुवारीत त्यांच्या संतीणबाईची सुट्टी, तेव्हा लव्हाळ्याचा विणलेला क्रॉस दाखवलास. उन्हाळ्यात तो काठ्यांनी खेळायचा हर्लिंगचा खेळ. तुझ्या वॉर्डातल्या आजोबांचा जिल्हा जिंकला, तर ते सलाईनसकट उठून बसले आणि रडले. मी इथं जळगावात बसून त्यांच्या जिल्ह्यासाठी खूश झाले! आणि आपल्या माणसांना तिथं रस्त्यात मारतात, हे मात्र मला पेपरात वाचावं लागलं. विचारलं तर म्हणे, "ते दुसऱ्या भागात, आई." बसथांब्यावर पोरांनी तुझा चष्मा ओढून पायाखाली तुडवला, "आपल्या देशात जा" म्हणून थुंकले, हे तुझ्या मैत्रिणीच्या तोंडून निसटलं तेव्हा कळलं. ज्यांच्या आज्यांची ढुंगणं तू धुतेस, त्यांची ही मिजास!

भडगावहून तुझ्या नानामामांचा फोन, "बाई, पोरले बलाई ले. बठ्ठा पैसा तठेच शे का?" खरंच, सगळा पैसा काय तिथंच आहे? मीही तुला बोलावून घ्यायचं ठरवलं. तुला फोन लावायला ओट्यावर आले, तर समोरच्या काकू भाजीच्या गाडीशी उभ्या.

"ऐकलं हो. नुसता रंग बघून मारतात म्हणे! माणुसकीच नाही मेल्यांना. बोलवून घ्या तिला आपल्या माणसांत."

आपल्या माणसांत! तू चौथीत होतीस. याच काकूंच्या माडीवरची खोली भाड्यानं बघायला गेलो होतो. "मी या खिडकीत अभ्यास करीन," म्हणालीस. काकूंनी चहा टाकता टाकता आडनाव विचारलं. मग चहाही आला नाही, आणि खोली पाहुण्यांसाठी ठेवलीय म्हणाल्या. पाहुणे आजतागायत आले नाहीत. पुढं आपण समोरच घर घेतलं, तरी बाई आपला उंबरा ओलांडत नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काकू, त्या पोरांनी रंग तरी पाहिला. तुम्हाला तर आडनाव पुरलं."

"अहो, ते वेगळं. तेव्हा सासूबाई होत्या."

"त्या जाऊनही वर्षं झाली. माडीचं कुलूप कुणासाठी आहे?"

भाजीवाला मेथीची जुडी धरून तसाच उभा. काकू फाटक आपटून आत गेल्या, मेथी न घेता.

तिथं राष्ट्राध्यक्ष म्हणून बाई निवडून आली, तू हौसेनं सांगितलंस. तुमच्या बाजूनं मोर्चे निघाले, तेही दाखवलंस. चांगलं आहे. पण मला त्यानं गार वाटत नाही. मोर्चा घरी गेला की तुला त्याच बसथांब्यावर उभं राहायचं असतं.

त्या दिवशी फोन केलाच नाही. कायमची परत ये म्हणायला जीभ रेटेना. राहायचं की यायचं, तुझं तू ठरव. ते थुंकणाऱ्यांनी ठरवायचं नाही, आणि आडनाव विचारणाऱ्यांनीही नाही. फक्त लागलं-खुपलं माझ्यापासून लपवू नकोस. आणि रजा काढून भेटायला ये गं लवकर, बाजारात भरताची वांगी आहेत तोवर.